छत्तिसावा दात

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा हे वाकणं कागदावरचंच समजावं). इकडे सगळे मजेत. तुमच्या बहिणीचा खोकला गेला, माझ्यावरचा राग तेवढा राहिलाय. तुमच्या बाबांचे, म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, डोळे ऑपरेशननंतर उत्तम आहेत. इतके उत्तम, की त्यामुळेच हे पत्र लिहावं लागतंय. वहिनींचा गुडघा कसा आहे?

तर गाडीबद्दल. तुम्ही मोठ्या प्रेमानं पाठवलेला इंजिनाचा कंप्युटर मी बसवला. जुना डिस्ट्रिब्युटर (ठिणगी वाटायचं काम बिचारा बिनतक्रार करत होता) भंगारवाल्याला देऊन टाकला, म्हणजे परतीचे दोर मीच कापले. तुम्ही फोनवर जे समजावलंत ते मला समजलं ते असं: इंजिन किती वेगानं फिरतंय हे कंप्युटरला आपलं आपण दिसत नाही, म्हणून इंजिनाच्या पुढच्या पुलीवर एक दातेरी चाक लावायचं, त्याच्याजवळ एक सेन्सर बसवायचा, आणि एकेक दात समोरून गेला की सेन्सरनं कंप्युटरला कळवायचं. मग तो बेतानं ठिणगी टाकणार. इथवर मी तुमच्याबरोबर होतो. पण तुम्ही पाठवलेल्या चाकाला एक दात कमी होता. जागा छत्तिसांची, दात पस्तीस. मला वाटलं, दुकानदारानं तुमच्या गळ्यात खराब माल मारला. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी बोललो नाही (हा माझा चांगुलपणा, नोंद घ्यावी).

चाक स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलं होतं. बाबा चहाला आले. तुम्हाला ठाऊकच आहे, वेल्डिंगचं दुकान बंद केल्यापासून ते दिवसभर खिडकीपाशी असतात आणि आपण सगळे त्यांना 'तुम्ही बसा' एवढंच सांगतो. त्यांनी चाक उचललं, कडेवरून अंगठा फिरवला, खाच लागली तिथे थांबले आणि म्हणाले, "जावईबापू, असलं अर्धवट काम मी गाडीला लावू देणार नाही." झालं. वेल्डिंग मशीन बाहेर निघालं. लोखंडी पट्टीचा तुकडा कापला, चिकटवला, कानशीनं घासला. काम करता करता बाबा चक्क गुणगुणत होते. तुमची बहीण कोण आलंय ते बघायला बाहेर आली. आणि काम इतकं बेमालूम, की नवा दात कुठला हे मला शोधूनही सापडेना. तेव्हापासून रोज गाडीपाशी नेऊन ते विचारतात, "ओळखा, माझा कुठला?" मी रोज चुकतो आणि ते रोज खूश होतात.

गाडी मात्र सुरू होईना. स्टार्टर मारला की इंजिन नुसतं गरगरतं, ठिणगीचा पत्ता नाही. मी सेन्सर लांब केला, मग जवळ आणला (तर तो चाकाला घासला), मग त्याच्या दोन वायरी उलटसुलट करून पाहिल्या. इलेक्ट्रिशियन म्हणाला, ही वायर प्लगच्या वायरीला खेटून गेलीय, तिकडची कुरबुर हिच्यात शिरते, लांबून न्या. इतक्या लांबून नेली, की तुमच्या बहिणीनं तिच्यावर फडकं वाळत घातलं. लॅपटॉपवर वेगाचा आकडा शून्य, मग एकदम काहीच्या काही, मग परत शून्य. शेवटी हात टेकले आणि कंपनीला फोन लावला. तिकडच्या बाईंनी विचारलं, चाकावर दात नसलेली जागा नेमकी कुठे येते? मी अभिमानानं सांगितलं, तशी जागा आमच्याकडे नाही, आम्ही ती भरून घेतली. मग त्यांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, की ती रिकामी जागाच तर महत्त्वाची. ती समोरून गेली की कंप्युटरला कळतं, फेरा इथून सुरू. आता त्याला नुसते दातामागून दात दिसतात आणि आपण कुठे आहोत हेच कळत नाही. म्हणजे दादा, नसलेला दात कामाचा आणि असलेला बिनकामाचा! हे अजून माझ्या डोक्यात शिरलेलं नाही, पण बाई ठाम होत्या.

आता पेच असा, की कापायचा दात कुठला हे फक्त बाबांना माहीत, आणि त्यांना विचारायचं कुठल्या तोंडानं? इस्त्रीचा शर्ट घालून ते गाडीत पुढच्या सीटवर बसून असतात. दोष माझ्या वायरिंगमध्ये आहे असं त्यांचं मत आहे, आणि ते मला धीर देतात. दादा, खरं सांगतो, त्यांना असं बोलताना पाहून मला फार बरं वाटतं. गाडी गेली खड्ड्यात, पण त्यांना हे मी सांगणार नाही.

मुलांना लाड, वहिनींना नमस्कार.

आपला,
पुरता गोंधळलेला मेहुणा

ता. क. : तसंच दुसरं चाक पाठवा. मी ते गुपचूप बसवीन आणि गाडी सुरू झाली की श्रेय बाबांच्या दाताला देईन. तुम्हीही फोनवर तसंच बोला.

ता. क. २ : पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर पाठवा. घरी आलं तर तेही भरून निघेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवता चिकटवता कळलं. समोरच्या गॅरेजात कुणाचं तरी इंजिन उघडं पडलंय, त्याच्या चाकालाही एक दात कमी असल्याचं बाबांच्या नजरेला पडलं. गॅरेजवाला जेवायला गेला होता. चाकं दोन पाठवा.