घरच्या जेवणाचं थँक यू

लुआ आत्या,

लिहायचं लिहायचं म्हणत तीन आठवडे ढकलले. परवा कळलं, तुला दवाखान्यातून घरी आणलंय. आपल्याकडे माणसाला शेवटी असं घरी का आणतात ते मला ठाऊक आहे, म्हणून आज बसलोच. इथे वुंग ताऊच्या समुद्रावर आज इतके पतंग उडतायत की... जाऊ दे, भरकटलो.

तेतच्या सणाला घरी आलो तेव्हा तू मडक्यात मासा आटवला होतास. मी चार वाट्या भात हाणला आणि उठताना, हॉटेलात कामावर गोऱ्यांकडून रोज ऐकतो ते तोंडून गेलं, "थँक यू फॉर द लव्हली डिनर." तू अर्थ विचारलास, मी सांगितला. शेजारीण म्हणाली, "लुआ, पोरगा साहेब झाला की गं!" तू हसली नाहीस. "आभार पाहुणे मानतात," म्हणालीस आणि माझी वाटी स्वतः धुतलीस. एरवी भांडी माझ्याच गळ्यात असायची.

आत्या, आपल्या भाषेत तुला गोड बोलायची मला लाज वाटते. परक्या भाषेत जमलं, म्हणून बोललो. मी पाहुणा नाही गं. पण आता तुला कोण वाचून दाखवणार, आणि तू ऐकशील तरी का?

थांब, दार वाजलं.

गावाहून काका आलेत, कधी गावची नदीही न ओलांडणारे. कपाळाला सुतकाची पांढरी पट्टी, घरच्यांनीच बांधायची असते ती. हातात आणखी एक. म्हणतात, "वाक जरा. तुझी तिनेच फाडून ठेवली होती."

तुझा,
किएन