डेलच्या शेजारची रिकामी जागा

२२ सप्टेंबर, सोमवार

या नोकरीची खरी किंमत पहिल्याच पानावर मांडून ठेवतो. चिंचवडचं अठ्ठावीस वर्षांचं वर्कशॉप पुतण्याच्या हाती गेलं. मंजूषानं, म्हणजे आमच्या हिनं, तीन आठवडे अबोला धरला. आणि अबोल्यातही तिनं भरून दिलेली लोणच्याची बरणी विमानतळावर काढून घेतली. बाकी सगळा फायदाच.

इथे डच मुलखात, फेनलोच्या बाहेर सपाट शेतं, मधोमध कौलारू घर, मागे पत्र्याची लांब शेड. महायुद्धाच्या शेवटच्या वसंतात एका अमेरिकन लढाऊ तुकडीची थंडरबोल्ट विमानं इथून उडायची. आता शेडमध्ये त्या तुकडीचं छोटं संग्रहालय आहे. तिथलं एक इंजिन मला पुन्हा फिरतं करायचंय. अठरा सिलिंडर! पाहूनच हात शिवशिवले. शिवाय ऋता, आमची मुलगी, एनस्खेडेच्या विद्यापीठात. ट्रेननं दोन-अडीच तासांवर.

जागा श्रीधरनं मिळवून दिली. आम्ही एकाच कारखान्यात हेल्पर होतो, एकाच डब्यातून जेवलो. वर्षभर हे काम त्याच्याकडे होतं. आता तो ब्रेडाला गोदामात लागलाय. फोनवर म्हणाला, पक्या, परक्याला द्यायचं नव्हतं रे हे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

संग्रहालयाच्या ट्रस्टच्या बाई, मेव्राउ (म्हणजे श्रीमती) हेन्नी, सायकलवरून आल्या. वय एक्याऐंशी, मला म्हणतात, तुम्ही फार हळू चालता. तुकडीचा इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. विमानं जोडीनं उडायची. पुढे म्होरक्या, मागे त्याचा जोडीदार. जोडीदारानं काही झालं तरी म्होरक्याची पाठ सोडायची नाही. एप्रिलमध्ये कॅप्टन डेल एका मालगाडीवर झेपावला आणि जोडीदार परत फिरला. इंजिन मिसिंग करत होतं, मध्येच ठोका चुकत होतं, असं त्यानं सांगितलं. मेकॅनिकनं तीनदा तपासलं. वहीत लिहिलं, दोष नाही. डेल सापडला नाही. जोडीदार सुखरूप मायदेशी गेला.

शेडमध्ये काळा लाकडी फळा आहे, त्यावर खडूनं जोड्यांची नावं. बेपत्ता माणसाचं नाव पुसायचं नाही, अशी तुकडीची रीत. शेवटच्या ओळीत डेल. शेजारची जोडीदाराची जागा रिकामी.

२७ सप्टेंबर, शनिवार

चार वाजून दहा मिनिटांनी लांबवर विमान ऐकलं. मोठं, जुनं इंजिन, आणि एक सिलिंडर मिसिंग करतंय. धुक्यात दिसलं काही नाही. ऋताला फोन केला. म्हणाली, बाबा, कुठेतरी एअर शो असेल, आणि सिलिंडर वगैरे तुम्हाला इतक्या लांबून काय कळणार! म्हटलं, पोरी, अठ्ठावीस वर्षांत या कानानं एकदाही चुकीचं इंजिन सांगितलेलं नाही.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. सकाळीच श्रीधरचा फोन. म्हणाला, साग्रसंगीत कर, आपल्या वर्कशॉपसारखी. फळासुद्धा धू, तो नकली आहे, शाळेतल्या मुलांनी रंगवलेला. वर श्री काढ आणि कारागीर म्हणून तुझं नाव घाल. जागा आहे शेवटच्या ओळीत.

नर्सरीत झेंडू मिळाला. पाने, स्पॅनर पुसून मांडले, इंजिनाला हार घातला, हळदकुंकू वाहिलं. फळा धुतला. सगळी नावं गेली, डेलचं तेवढं गेलं नाही. म्हटलं, ऑइलपेंट असेल. वर श्री काढला, डेलशेजारी लिहिलं: प्रकाश. मन प्रसन्न झालं.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. हेन्नीबाईंनी फळा पाहिला आणि माझ्यावर ओरडल्या. फळा अस्सल होता. ऐंशी वर्षं कुणी ओलं फडकं लावलेलं नव्हतं. मी श्रीधरचं नाव घेतलं. त्या म्हणाल्या, त्याला तर मी स्वतः बजावलं होतं. त्यानं गेल्याच वर्षी त्या ओळीत काहीतरी खरडून वर काळा रंग फासला होता.

माझं नाव पुसायला गेलो. निघेना. ब्लेडनं खरवडलं, तर खालून दुसरं नाव वर आलं. देवनागरीतच. श्रीधर. ते अक्षर मी झोपेतही ओळखेन.

चार दहाला विमान कौलांवरून गेलं. हेन्नीबाई चहा ओतत होत्या. त्यांना ऐकू आलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

काल ऋताकडे जाऊन आलो, इथून लांब जावं म्हणून. चार दहाला तिच्या होस्टेलवर घिरट्या. तिच्या खिडकीची काच थरथरली. तसाच निघालो.

श्रीधरला फोन केला. शिव्या द्यायच्या होत्या, पण त्यानं काही नाकारलंच नाही. गेल्या दसऱ्याला त्यानंही असंच भाबडेपणानं नाव लिहिलं होतं. वर्षभर आवाज रोज जवळ येत गेला. मग त्याला उमगलं, दुसऱ्यानं स्वतःच्या हातानं नाव लिहिलं की आपलं सुटतं, आणि आवाज जितका जवळ आलाय तिथूनच पुढे त्याच्यामागे लागतो.

म्हणाला, डच माणूस कशाला फळ्यावर नाव घालेल रे? खंडेनवमी करणाराच हवा होता. तुझ्याशिवाय कुणावर हक्क होता माझा?

हक्क म्हणाला!

वर हेही म्हणाला, ऋता येते ना तिथे? खडू दे तिच्या हातात. पोरगी वैज्ञानिक आहे, तिला कुठलं काय होतंय.

मी फोन ठेवला. 

७ ऑक्टोबर, मंगळवार

ऋता न सांगता आली. बाबा, तुमचा आवाज बरा वाटला नाही, म्हणाली. फळा पाहून हसली. अय्या, तुमचं नाव! मग माझं पण— आणि खडू उचलला. मी तिच्या हातावर फटका मारला. आयुष्यात पहिल्यांदा. ती सायकल घेऊन स्टेशनकडे गेली, रडत. मी हाक मारली नाही.

एक क्षण, फक्त एकच, मी थांबलो होतो. तिनं ऋ काढायला हात उचलला तेव्हा. हे श्रीधरला कधी कळू नये—

तीन वाजले. खडू चुलीत टाकले.

८ ऑक्टोबर

आज खाली उतरलं. शेतात. गवत आडवं पडलं, विमान दिसत नाही. शेडच्या दारापर्यंत आवाज—मग बंद. मी शेडमध्येच, दार आतून लावलंय. वास येतोय, पेट्रोलचा, जळक्या—

मंजूषाला फोन केला. म्हटलं, लोणचं छान होतं. ती म्हणाली, खाल्लंत कुठे?

९ ऑक्टोबर

चार वाजून आठ. दाराबाहेरच. घरघर छातीत लागतेय. कान लावून ऐकतोय, दुसरं करणार काय—

मिसिंग नाहीये. कधीच नव्हतं. विमानं दोन आहेत, दोन इंजिनांचे ठोके एकमेकांत अडकतायत. पुढचं डेलचं. मागचं जोडीदाराचं, त्यात कुणी—