वजाबाकी वर्कशॉप

रविवार, २ ऑगस्ट
उद्यापासून आमच्या कला महाविद्यालयात फर्स्ट इयरची प्रायोगिक वर्कशॉप्स. एकच आठवडा. प्राचार्यबाईंनी स्वच्छ सांगितलंय, शनिवारी मुलांचं काम बघून ठरवणार की पर्मनंट कोणाला करायचं, मला की मातीवाल्या बाईंना. जागा एकच. म्हणजे माझीच. मातीवाल्या बाई मुलांकडून नुसती माती मळून घेतात. संध्याकाळी ती मुलं त्यांच्या आयांनाही ओळखू येत नसतील. याला प्रयोग म्हणत नाहीत.

माझी कल्पना: वजाबाकी. रोज स्टुडिओतली एक गोष्ट बाहेर काढायची आणि उरलेल्यावर काम करायचं. बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, घरकामात तुम्ही हेच करत आलाय. पिकतं तिथे विकत नाही.

संकल्प: कमी बोलणे. गूढ राहणे. चहा बंद.

सोमवार, ३ ऑगस्ट
खोडरबर बाहेर. सुरुवातीला दोन शब्द बोललो, तेवढ्यात लंच ब्रेक झाला. मुलं भारावली होती. मागच्या काहींनी तर डोळे मिटून घेतले होते.

पुढे बसणारी एक मुलगी सारखी शंका काढते. मी मनात तिला शंकाबाई म्हणतो. तिने विचारलं, सर, काढायचं काय आणि ठेवायचं काय, हे कसं ठरवायचं? म्हटलं, ज्याने कामात अडचण होते ते काढायचं. तिने लिहून घेतलं. असे विद्यार्थी हवेत.

मंगळवार, ४ ऑगस्ट
टेबलं आणि स्टुलं बाहेर. मुलं फरशीवर बसली. मीही बसलो, समानता म्हणून. उठताना दोघांनी धरलं.

घरी बायकोने कंबरेला मलम लावलं आणि विचारलं, उद्या काय काढताय, मणका? लक्ष दिलं नाही. चहा तात्पुरता सुरू.

बुधवार, ५ ऑगस्ट
रंग बाहेर. उरली रद्दी, सुतळी आणि टाचण्या. मुलं चाचपडतायत, म्हणून दर थोड्या वेळाने सगळ्यांना थांबवून मार्गदर्शन केलं. एक मुलगा रद्दीच्या पट्ट्या कापून काहीतरी लटकवत होता. त्याला म्हटलं, असं नको. मग त्याने तसं केलं नाही. मग त्याने काहीच केलं नाही. संयम शिकतोय.

मातीच्या वर्गातून सारखा हसण्याचा आवाज. शिस्त नाही.

गुरुवार, ६ ऑगस्ट, सकाळ
आज काय काढायचं ते मुलांनीच ठरवावं. चिठ्ठ्या टाकून. लोकशाही. बहुतेक तो खडखडणारा पंखा जाणार.

गुरुवार, दुपार. कॉरिडॉर.
चिठ्ठ्या मीच मोठ्याने वाचल्या. पहिल्या चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सर’. वाटलं, मायना असेल. उलटून पाहिलं, मागे कोरी. दुसरीत ‘सर’. तिसरीतही. एकाच चिठ्ठीत ‘पंखा’ होतं. तो मुलगा आयुष्यात पुढे जाणार.

शंकाबाई म्हणाली, सर, राग मानू नका, नियम तुमचाच आहे. माझी खुर्ची तिने स्वतः उचलून बाहेर आणली. निष्ठा म्हणतात ती हीच. शिपाई जाता-येता विचारतोय, कोणाची वाट बघताय का.

लागलं मला. खरं सांगायचं तर बरंच लागलं. पण शिक्षकाने स्वतःलाच वजा करणं ही पद्धतीची परमावधी आहे, हे चहा घेताना लक्षात आलं.

शुक्रवार, ७ ऑगस्ट
अजून बाहेरच. एकदा दार वाजवून विचारलं, पाणी हवंय का. मुलं नको म्हणाली. नंतर खोडरबर विसरलोय असं सांगून आत डोकावलो. शंकाबाईने आठवण करून दिली की खोडरबर सोमवारीच बाहेर गेलेत.

पण तेवढ्यात दिसलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत रद्दीच्या पट्ट्यांची जाळी, सुतळीवर ताणलेली, खाली टाचण्यांचे झुबके. पंखा लावला की सगळं हलतं आणि बारीक किणकिणतं. छान होतं. इतकं छान माझ्या हातून कधी झालेलं नाही. मी नव्हतो म्हणूनच झालं. म्हणजे श्रेय माझंच.

शनिवार, ८ ऑगस्ट
प्राचार्यबाई जाळीखाली बराच वेळ उभ्या होत्या. मुलं समजावून सांगणार, तेवढ्यात मीच पुढे झालो. म्हटलं, बुधवारपर्यंत मी आत होतो, काही जमत नव्हतं. मी बाहेर गेलो आणि हे झालं. पुरावा म्हणून बुधवारची कामंही शेजारी मांडली. प्राचार्यबाई म्हणाल्या, इतकं स्पष्ट आजवर कोणी सांगितलं नव्हतं. माझं पारडं जड.

बायको म्हणाली, लोकांच्या पायावर धोंडा चुकून पडतो, तुम्ही तो पुसून-बिसून स्वतःच पाडून घेतलात. तिला कलेतलं कळत नाही.

सोमवार, १० ऑगस्ट
निकाल लागला. वजाबाकी वर्कशॉप अभ्यासक्रमात पर्मनंट. दरवर्षी घेणार, आणि पहिल्या दिवसापासूनच शिक्षकाविना. वर्षभराच्या वर्गाला मातीवाल्या बाई पर्मनंट. मी विचारलं, आणि माझं काय? प्राचार्यबाई म्हणाल्या, सर, तुमची पद्धत आम्हाला मनापासून पटलीय.

बायकोला फोन करून सांगितलं की पर्मनंट झालं. तिने विचारलं, मग उद्या डबा करायचा ना? म्हटलं, नको. मी गेलो तर मुलांचं काम बिघडेल.