अण्णांचं जिबरिश

१२ जानेवारी १९८८, आष्टी
जालन्याच्या डॉक्टरांनी अण्णांचं बोलणं ऐकलं आणि एकच शब्द म्हणाले — जिबरिश! लकवा होऊन सतरा दिवस झाले. उजवा हात गेला, बोलणं मात्र भरपूर. "गडप तिरका... बाऊल बाऊल." दादा डॉक्टरांपुढे अशी मान हलवत होता, जणू सगळं कळलं. मला अर्थ विचारायची लाज वाटली. बी.ए. झाले ना!

१३ जानेवारी
डिक्शनरीत सापडला. 'अर्थहीन बडबड.' बस, एवढंच? पण अण्णा बोलून झालं की माझ्याकडे बघत थांबतात. उत्तर दिलं नाही की चिडतात. अर्थच नाही तर चिडतात कशावर? मला काही उमगत नाही.

१६ जानेवारी
शब्द गावभर झाला. शेजारच्या गोजरबाई विचारून गेल्या, "अण्णाला जिबरिश झालंय म्हणं? त्याची सुई परतूरला भेटती का?" हसू की रडू!
दादाला तर चाळाच लागला. आई भाजीचं सांगायला लागली तरी "जिबरिश बंद कर." अण्णांच्या देखत म्हणाला, "ह्यांच्या डोक्यात काही राह्यलं न्हाई. आता त्यांना काही विचारत बसू नका." संताप आला. भीतीही वाटली — खरंच असलं तर? मला तरी ओळखतात का?

१९ जानेवारी
बाजाराचा दिवस. कचरूमामा आले. अण्णांनी आणि त्यांनी तीस वर्षं जोडीनं बैलांची दलाली केली. मामांनी अण्णांच्या डाव्या हातावर दस्ती टाकली, त्या रुमालाखाली आपला हात घातला. बाजारात चारचौघांत भाव ठरवतात तसंच, बोटं दाबून. थोड्या वेळानं हसले.
"मागल्या पोळ्याला घेतलेलं खोंड किती दाताचं व्हतं, बराबर सांगितलं गड्यानं! डोकं शाबूत हाय, विमल."
दादा म्हणतो, योगायोग.

२१ जानेवारी
आज मीच दस्ती टाकली. "अण्णा, तुम्हाला लेकरं किती?" त्यांनी माझी बोटं चाचपली. तीन धरली, घट्ट दाबली. आम्ही दोघंच — दादा आणि मी! पुन्हा विचारलं. पुन्हा तीन. दादा म्हणाला, "बघ!"
खूप रडले. डिक्शनरी बरोबर म्हणायची.

२२ जानेवारी
आईला सांगितलं. भाकरी थापता थापता तिचा हात थांबला.
"बराबर सांगितलं त्यायनं. तुझ्या आधी एक पोरगी झाल्ती. अकराव्या दिवशी गेली. बारसंबी झालं न्हाई."