दुपट्याचा कोपरा

माय,

गोधडी अर्ध्यावर आली. तुझी नात एका बाजूनं शिवते, मी दुसऱ्या बाजूनं, आणि मधी कधीतरी गाठ पडंल म्हणून बसलोय. पडेगावच्या घरात पुढच्या खोलीत फरशीवर ती पसरलेली असते. कुणी आलं की म्हणतं, बापलेकीचं काय छान चाललंय. छान-बिन काही नाय. पोरगी सकाळी चहा झाला की येऊन बसते, मान खाली घालून टाके घालते, जेवायला हाक मारली की उठते. एखाद्या दिवशी चार ओळी होतात, एखाद्या दिवशी कालच्याच ओळी ती उसवत बसते. तिचा टाका माझ्यापेक्षा सरळ आहे. तू असतीस तर म्हणली असतीस, "बघ, लेकराकडून शीक काहीतरी." ती सासरी परत कधी जाणार हे विचारायचं धाडस घरात कुणाला होत नाय. जावई रविवारी येतो, तिच्याजवळ बसतो, चार सुयांत दोरा ओवून ठेवतो आणि जातो. बरा पोरगा आहे.

मला सुई धरायला तू शिकवलीस ती चुलीपुढं. बा दिवाळी झाली की मेंढरं घेऊन लांब निघून जायचा, पाऊस पडायच्या टायमाला परत, तोवर घरात तू आणि मी. तव्यावरची भाकरी फुगेपर्यंत तू मांडीवरच्या गोधडीला दोन-चार टाके घालून घ्यायचीस. एक दिवस सोडला तर तुझी भाकरी कधी करपली नाय. तुला लेक नव्हती म्हणून मला शिकवतेस, असंच मी धरून चाललो होतो. वस्तीवरची पोरं मला चिडवायची. तू म्हणायचीस, "हसू दे की. फाटलं म्हंजी त्यांच्याच आया येत्यात माझ्याकडं." पुढं तेच हात वाळूजच्या कंपनीत कामाला आले, गाड्यांची सीटकव्हरं शिवायच्या खात्यात. दिवसभर काय शिवतोस म्हणून तू एकदा विचारलंस. सांगितलं तर म्हणलीस, "माणसाच्या बुडाखालचं शिवतोस व्हय रं? मग अंगावर घ्यायचं कधी शिवणार?" मी लई हसलो होतो. ते खातं आता बंद पडलं, मी घरीच असतो.

पोरीला दिवस गेले तेव्हा बाळंतपण आपल्याकडं करायचं हे ठरलेलंच होतं. दुपटं आजीनं शिवायचं, पण तुझ्या सुनेची नजर साखरेच्या दुखण्यानं पार गेली. सुई हातात घेतली तर स्वतःच्याच बोटात घालते. म्हणून ती पलंगावर बसून हुकूम सोडायची आणि मी शिवायचो. "मशीन काढू नका हां. मशीनचा टाका निबर असतो, लेकराला रुततो. सासूबाईंनी मला दहादा सांगितलंय." सगळी उमर मशीनवर घातलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. ऐकलं. तुझं हिरवं लुगडं मी जपून ठेवलं होतं, तेच आतल्या बाजूला लावायला कापलं. म्हाताऱ्या माणसाचं नेसून मऊ झालेलं कापड अंगाला लागलं की त्याचं वय लेकराला लागतं, असं तूच म्हणायचीस. कात्री लावताना जिवावर आलं, पण लावली. वरच्या बाजूला तुझ्या सुनेच्या साड्यांचे तुकडे आणि माझ्या कंपनीच्या शर्टाचा खिसा. शहागंजातून लाल रेशमाची लडी आणून मधोमध मेंढी काढली. पोरीला मोर पाहिजे होता. पण मला मेंढीच येते, तू दुसरं काही शिकवलंच नाय. तिनं ती हातात धरून बघितली आणि म्हणली, "बाबा, हे तर कुत्रं दिसतंय." आठव्या महिन्याचं पोट दोन्ही हातांनी सावरत ती इतकी हसली की तुझ्या सुनेनं तिला दटावलं.

शेवटाकडं आलो तशी तुझी सून पलंगावरून म्हणली, "एक कोपरा सोडा." ते मला सांगायची गरज नव्हती. तुझी रीत मला तोंडपाठ होती. लेकरू जन्मायच्या आधी दुपटं पुरं करायचं नाय. एक कोपरा उघडा ठेवायचा, सुई दोऱ्यासकट तिथंच टोचून ठेवायची. लेकराचा रडायचा आवाज कानानं ऐकला की मगच टाके घालून कोपरा बंद करायचा, आणि बंद केल्यावरच लेकराला त्यात घ्यायचं. उघड्या दुपट्यात लेकरू घ्यायचं नाय म्हंजी नाय. का, ते तू कधी सांगितलं नाय आणि मी विचारलं नाय. कोपरा सोडला, सुई टोचली, घडी करून पिशवीत ठेवलं.

नववा महिना लागला होता. एका दुपारी पोरगी म्हणली, "बाबा, सकाळपासून बाळ हललं नाही." रिक्षा करून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं मशीन लावून बघितलं, परत बघितलं, मग जावयाला आत बोलावलं. बाळ पोटातच गेलं होतं. कुणाची चूक नाय, असं होतं कधीकधी, म्हणली. तरी कळा पोरीला द्याव्याच लागल्या. मी बाहेर बाकड्यावर बसून होतो, मांडीवर पिशवी, पिशवीत दुपटं. सगळं कळलेलं असून मी येडा दाराकडं कान लावून बसलो होतो. आत दुसरीही एक बाई होती. तिचं लेकरू रडलं तसा माझा हात पिशवीत गेला, सुईपर्यंत गेला. मग जावई बाहेर आला आणि म्हणला, "आपलं नाही, बाबा."

मुलगी होती. डोक्यावर दाट जावळ होतं. दवाखान्याच्या पांढऱ्या चादरीत गुंडाळून दिली. जावयानं माझ्याकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. आणि मी दुपटं काढलं नाय, माय. कोपरा उघडा होता. आवाज ऐकल्याशिवाय शिवायचा नाय, आणि शिवल्याशिवाय लेकराला त्यात घ्यायचं नाय. तेवढ्या गडबडीत तुझी रीत माझ्यापुढं भिंत होऊन उभी राहिली आणि मला ती ओलांडता आली नाय. लेकराला त्या परक्या कापडात तसंच मातीत ठेवलं. खड्डा आम्ही दोघांनी बुजवला, आणि पिशवी सगळा वेळ माझ्या खांद्याला होती. तुझं लुगडं त्यात, तिच्यासाठी कापलेलं. रीत पाळून काय मिळालं? मला तुझा राग आला. अजून आहे.

पोरगी घरी आली तेव्हा तिला दूध उतरलं होतं. तुझ्या सुनेनं चाचपत चाचपत तिची छाती बांधून दिली. पोरगी रडली नाय. मी पाणी घेऊन गेलो तर माझ्याकडं बघून एवढंच म्हणली, "बाबा, दुपटं दिलंत ना तिला?" मी म्हणलो, "व्हय. दिलं." ती म्हणली, "मग गार लागणार नाही तिला." आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. आता ते दुपटं घरात ठेवायचं कुठं? कपाट ती उघडते, पेटीत तुझी सून हात घालते. जाळायचं म्हणलं तर हात होईना, त्यात तू होतीस. शेवटी माझ्या उशीची शिवण उसवली, मूठभर कापूस काढला, दुपटं आत सारलं आणि वरून टाके मारले. सुई काढायचं सुचलं नाय. त्या दिवशी उशीवर डोकं टेकलं आणि सुई कानाला टोचली, तेव्हा मला तुझी उशी आठवली.

मी लहान होतो, तुझ्या पदराला धरून फिरायच्या वयाचा. तुझ्या उशीवर लोळताना काहीतरी टोचलं म्हणून मी शिवण ओढून आत हात घातला. आतून इवलंसं दुपटं निघालं. एक कोपरा उघडा, त्यात सुई गंजून कापडाला चिकटून बसलेली. "माय, हे कुणाचं?" तू चुलीपुढून उठलीस आणि माझ्या कानाखाली वाजवलीस. त्याच्या आधी नाय आणि नंतरही नाय, तू माझ्यावर कधी हात उचलला नाय. "चोंबडेपणा करायचा नाय," म्हणलीस, दुपटं हातातून घेतलंस आणि तशीच उभी राहिलीस. तव्यावरची भाकरी काळी झाली. उशी फाडली म्हणून मार बसला, असं मी समजलो आणि विसरून गेलो. तू गेलीस तेव्हा तुझं अंथरूण-पांघरूण मसणवट्यात नेऊन टाकलं, सगळ्यांचं टाकतात तसं. उशी माझ्याच काखेत होती.

माझ्या आधी कुणीतरी होतं, हे कळायला मला साठी गाठावी लागली. लेक होती का गं? तिला तू कशात गुंडाळलंस? बा घरी होता का मेंढरांमागं? तुला कुणी विचारलं का, दुपटं दिलंस ना म्हणून, आणि तू काय सांगितलंस? मी तुझा एकुलता एक, तुझ्याजवळ बसून एवढे टाके घातले, आणि तू एका शब्दानं बोलली नायस. मीही पोरीला काय सांगितलंय म्हणा.

दुपट्याचे उरलेले तुकडे गाठोड्यात पडून होते. ते बाहेर टाकायला निघालो तर पोरगी पलंगावरून म्हणली, "टाकू नका. मला शिकवा." दवाखान्यातून आल्यापासून तिनं मागितलेलं हे पहिलं काहीतरी. म्हणून ही गोधडी. मागच्या आठवड्यात मी शहागंजात दोरा आणायला गेलो, आणि परत आलो तर घरातल्या सगळ्या उशा अंगणात उन्हाला पडलेल्या, अभ्रे धुऊन दोरीवर. त्यात माझीही होती. पोरगी गोधडीपाशी बसली होती, रोजच्यासारखीच. वर न बघता म्हणली, "बाबा, तुमची बाजू मागं राहिलीय." मी बसलो आणि शिवायला लागलो.

त्या दिवसापासून उशी टोचत नाय. शिवण बोटानं चाचपून बघितली, तर टाके माझे नायत. बारीक आहेत, सरळ आहेत. दुपटं आतच आहे, डोकं ठेवलं की घडी कळते. ती माझ्याशी बोलते तेवढंच बोलते, चहा आणून देते, दोरा संपला की लडी पुढं सरकवते. आणि त्या दिवसापासून तिनं शिवलेलं उसवलं नाय.

सुई तिनं काढली एवढं खरं. नुसती काढली, का कोपरा शिवून मग काढली, ते मला ठाऊक नाय. शिवला असंल तर मला जे जमलं नाय ते तिनं केलं, आवाज न ऐकता केलं, आणि लेकराचं दुपटं पुरं होऊन माझ्या डोक्याखाली पडलंय. तसाच उघडा ठेवला असंल तर ती तुझ्या-माझ्यासारखीच निघाली. मला दोन्हींची भीती वाटते, माय. हा कागद तरी कुठं ठेवायचा? उशीत ठेवावा म्हणलं, तर उशी उघडावी लागंल.