छताच्या भोकांतल्या अक्षता

मी, नाथा पोपट मढवी, वय चौऱ्याहत्तर, राहणार माजिवडा, ठाणे, पूर्ण शुद्धीवर आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र करीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणणारे दोघे वर एसी लावून झोपले आहेत.

घर मयूर आणि मितेश या माझ्या मुलांना निम्मंनिम्मं. जिना एकच आहे. त्यात भिंत घालू नये.

आता मोटार. हायवेलगतचं भाताचं शेत बिल्डरला दिलं, तेव्हा मुलांच्या हट्टापायी ही लाल, दोनच माणसांची गाडी आली. बटण दाबलं की छत घडी होऊन मागे डिकीत जातं. छताच्या कडेने पन्हळी आहेत आणि त्यांच्या टोकांना भोकं. पावसाचं पाणी तिथून नळीवाटे चाकांपाशी उतरतं. ही भोकं साफ ठेवावीत असं गाडीच्या पुस्तकात छापलं आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. मुलांना इंग्रजी शाळेत घातलं होतं, तरी दोघे गाडी फक्त बाहेरून पुसतात.

भावकीतल्या प्रत्येक नवरदेवाला वरातीला हीच गाडी लागते. अक्षता, हळद, सगळं पन्हळीत गेलं, भिजून फुगलं आणि भोकं बुजली. गेल्या पावसाळ्यात पाणी छताच्या मोटरीत शिरलं. छत उघडं ते उघडंच राहिलं. माझी बायको गोदा अंगणात गाडीत डोकावून ओरडली, "आवो, गारीन पानी साचलंय. भात लावाचा का?"

मुलांना राग आला. मला आधी हसू आलं, मग रडू आलं. हायवेलगतच्या शेतातली शेवटची लावणी तिनेच केली होती.

छताच्या नव्या मोटरीसाठी कल्याणकडचं उरलेलं दहा गुंठे शेत विकायचं, असं दोघांनी परस्पर ठरवलं आहे. मयूर म्हणतो, "बाबा, छतच बंद नाय झालं तर गाडीची व्हॅल्यू काय राहणार?" मी म्हटलं, शेताला कधी छत होतं? तो म्हणाला, "जोक नका मारू."

सबब ते शेत एकट्या गोदाचं. मोटारही तिचीच. यावरून जो कोर्टात जाईल, त्याचा घरातला हिस्सा दुसऱ्याला जाईल. माझं तेरावं झाल्यावर दोघांनी गाडी ओढत नेऊन शेताच्या बांधावर उभी करावी. छत उघडंच ठेवावं. भोकं आता साफ करू नयेत, पाणी टिकलं पाहिजे.

गोदा, गाडीत भात लावायचा का, असं त्या दिवशी तू विचारलंस. लाव.

सही: नाथा पोपट मढवी
साक्षीदार: शिवराम भोईर (गाडी दोन वरातींना नेली, एकदाही पुसून दिली नाही), महिपत केणे
ठिकाण: ठाणे
दिनांक: २ जून २०२५