बाईंच्या हातातले उंदीर

बाई, आज दवाखान्यात एका पोरसवदा नर्सने माझ्या दंडाला पट्टा आवळला आणि म्हणाली, "आजी, दात का आवळताय? सैल सोडा ना." तुम्हीही मला हेच म्हणायचात, म्हणून लिहायला बसले.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. रबाळ्याला तेव्हा स्टेशन नव्हतं. आपल्या औषध कंपनीची बस थेट फाटकात सोडायची. तुम्ही प्रयोगशाळेच्या प्रमुख, मी नवी एम.एस्सी. तुम्ही कित्येक वर्षं खपून एक पेप्टाइड, म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा, तयार केलं होतं. त्याने रक्तदाब उतरतो का, हे जन्मजात उच्च रक्तदाब असलेल्या पांढऱ्या उंदरांवर बघायचं होतं. उंदराला उबेत ठेवायचं, नळीत सरकवायचं, शेपटीला पट्टा लावून दाब मोजायचा. तो घाबरला की दाब चढतो आणि मोजणी फुकट जाते. माझ्या हातात ते हमखास घाबरायचे.

"अगं, उंदीर आहे तो, बरणीचं झाकण नाही! जरा बोल त्याच्याशी."

"काय बोलू?"

"घरी काय बोलतेस?"

"वडील बोलत नाहीत. आई नाही."

"मग इथून सुरुवात कर," म्हणालात, आणि माझ्या हातातून उंदीर काढून घेतलात.

पेप्टाइड द्यायचे उंदीर तुम्ही कुणाला हाताळू देत नव्हतात. तुलनेसाठी ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, ते माझ्याकडे. तुमच्या उंदरांचा दाब उतरला, माझ्यांचा नाही. कंपनीच्या साहेबांनी पेढे वाटले. आणि मी बघतेय, तुम्ही उंदराला तळहातावर घेता, मानेमागून अंगठा फिरवता, काहीतरी पुटपुटता. सुई टोचायच्या आधीच तो डोळे मिटतो.

"बाई, एकदा अदलाबदल करू या?"

तुम्हाला लगेच कळलं. चेहरा उतरला, पण म्हणालात, "आण तुझे इकडे."

तुमच्या हातात मिठाच्या पाण्यानेही दाब उतरला. माझ्या हातात पेप्टाइडने काही झालं नाही. पुन्हा केलं, तेच.

"म्हणजे औषध मीच की गं! आता मला बाटलीत कसं भरायचं?" तुम्ही हसलात, आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसलात.

साहेब म्हणाले, "मॅडम, एवढी घाई कशाला? थोडं थांबू या." तुम्ही म्हणालात, "थांबून काय उगवणार आहे?" औषध निरुपयोगी आहे, हे तुम्ही स्वतः कळवलंत. काम बंद झालं. मला एका शब्दाने बोलला नाहीत, उलट सगळ्यांना सांगत सुटलात, "पोरीची नजर बघा."

त्या नजरेचं कौतुक मी निवृत्तीपर्यंत ऐकलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगायला हरकत नाही. मी त्या दिवसांत चूक शोधत नव्हते, बाई. मी नुसती तुमच्या अंगठ्याकडे बघत बसायचे. मला त्या उंदरांचा हेवा वाटायचा.